जंतूला चुकीचे वाचायला लावणारे औषध

नवजात बाळाच्या रक्तात जंतू शिरले की ताप येईलच असे नाही. उलट अंग गार पडते, रडणे क्षीण होते, कालपर्यंत नीट दूध ओढणारे बाळ ओढेनासे होते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना ही लक्षणे ओळखायला शिकवले आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन त्यांच्या हाती दिले. सल्ला आधी दवाखान्याचाच. घरच्यांना ते जमत नसेल, तर त्यांच्या संमतीने उपचार घरीच. जोडीला तोंडाने को-ट्रायमॉक्साझोल.

जेंटामायसिन अमिनोग्लायकोसाइड गटातले. या गटातले पहिले औषध स्ट्रेप्टोमायसिन. अल्बर्ट शात्झ यांना ते १९४३ मध्ये त्यांचे गुरू वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत मातीतल्या जीवाणूपासून मिळाले. नोबेल मात्र १९५२ मध्ये एकट्या वॅक्समन यांना!

या औषधांची करणी मोठी चतुर. जंतूच्या पेशीतले रायबोसोम जनुकीय संदेश वाचून प्रथिने घडवतात. औषध रायबोसोमच्या लहान भागाला चिकटते आणि वाचनात चुका होऊ लागतात. अशी सदोष प्रथिने पेशीच्या पटलात जाऊन बसली की पटल गळके होते, आणि त्या गळतीतून आणखी औषध आत घुसते. घरच्यानेच चोराला कडी काढून द्यावी, तसे. पण पेशीत शिरायला या औषधांना ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा लागते. म्हणून ऑक्सिजनविना जगणाऱ्या जंतूंपुढे ती हतबल, आणि साचलेल्या पुवातही फारशी चालत नाहीत. आतड्यातून ती रक्तात जवळजवळ शोषली जात नाहीत, म्हणून सुई.

धोकाही खरा. मूत्रपिंडाला झालेली इजा बहुधा भरून येते. कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या रुग्णालयांत त्यासाठी रक्तातली औषधाची पातळी तपासतात. असे औषध खेड्यातल्या बाईच्या हाती देणे हे धाडसच होते, पण मोजका डोस आणि कसून प्रशिक्षण यांवर ते पेलले. उपचारांपूर्वी जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळांपैकी १६.६ टक्के दगावत; १९९६ ते १९९८ मध्ये हे प्रमाण २.८ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. पुढे २०१४ मध्ये केंद्र सरकारने विशिष्ट परिस्थितीत उपकेंद्रातल्या सिस्टरांनाही तान्ह्या बाळांना जेंटामायसिन टोचण्याची मुभा दिली.