सरासरी उत्पन्न: कोणाचं आणि कोणत्या महिन्याचं?

पैशाची भाषा : भाग सहावा

मागच्या भागात महागाईचा दर पाहिला. या आठवड्यात सरासरी उत्पन्न.

एकूण कमाईला माणसांच्या किंवा घरांच्या संख्येने भागलं की सरासरी निघते. राज्याच्या आर्थिक पाहणीत २०२४-२५ साठी महाराष्ट्राचं दरडोई उत्पन्न सुमारे ३ लाख ९ हजार रुपये धरलं होतं. या हिशेबाने पाच माणसांच्या घरात वर्षाला साडेपंधरा लाख आले पाहिजेत. किनवट तालुक्यातल्या एखाद्या पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, हे कोणाला पटेल? तरीही आकडा खरा आहे. त्यात मुंबई-पुण्याचे कारखाने, बँका, कंपन्यांचा नफा असं सगळं येतं. त्यावरून राज्याची अर्थव्यवस्था केवढी आहे ते कळतं. घरात किती पैसा आला, ते कळत नाही.

समजा, एका वाडीत दहा घरं आहेत. पाच घरांची महिन्याची कमाई ६ हजार, चार घरांची १० हजार आणि एका अडत व्यापाऱ्याची १ लाख ३० हजार. एकूण २ लाख, सरासरी २० हजार. पण दहापैकी नऊ घरं या सरासरीच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली आहेत! म्हणून पहिला प्रश्न, सरासरीसोबत मध्यक किती? सगळी घरं कमाईच्या चढत्या क्रमाने लावून मधोमध येणारा आकडा म्हणजे मध्यक. या वाडीत घरं दहा, म्हणून मधल्या दोन घरांच्या ६ हजार आणि १० हजारांची सरासरी घ्यायची; मध्यक ८ हजार येतो.

दुसरा प्रश्न, कमाई कशातून आली? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७७व्या फेरीनुसार २०१८-१९ या शेती वर्षात देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होतं. त्यात मजुरी आणि पगाराचे ४,०६३ आणि पिकांचे ३,७९८. म्हणजे शेतकऱ्याचं घरही पिकापेक्षा मजुरी-पगारावर जास्त चाललं होतं.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा: पैसा कधी आला? किनवटकडे दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन विकलं जातं, कापसाची वेचणी चालू होते. बाया दिवसभर ओटीत कापूस वेचतात, संध्याकाळी काट्यावर वजन होतं आणि किलोमागे मजुरी मिळते. उन्हाळ्यात मोहफुलं, मग तेंदूपत्ता. भल्या पहाटे जंगलात जायचं, पानं तोडून आणायची, घरी बसून सगळ्यांनी पुडे बांधायचे. हे काम थोड्याच दिवसांचं. मग मृग लागतो. बियाणं, खत, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च एकदम अंगावर येतो आणि नेमका तेव्हा हात रिकामा असतो, म्हणून उसनवारी करावी लागते. वर्षाच्या १ लाख २० हजारांना बाराने भागून महिना १० हजार लिहिले, की आषाढातली ती उसनवारी आणि तिचं व्याज कागदावरून पुसलं जातं.

सरासरी टाकून द्यायची नाही. दोन वर्षांची, दोन जिल्ह्यांची तुलना तिच्याशिवाय होत नाही. पण योजना आखताना तालुक्याचा मध्यक आणि महिनावार कमाई मांडलीच पाहिजे. कर्जाचा हप्ता, रोजगार हमीचं काम आणि मजुरी चुकती करण्याची तारीख आषाढातल्या घराकडे पाहून ठरवायला हवी. ग्रामसभेत आकडा वाचला गेला, तर हे तीन प्रश्न उभं राहून विचारा.

पुढच्या भागात : मजुरी वाढली, पण तिच्यात धान्य किती येतं?