हाथरसचे ‘संगीत’

समजा, एखाद्या उत्सवात पाहुणा गवई आपल्या गावी सुरेख चीज गाऊन गेला. दुसऱ्या दिवशी गुरुजी शाळेतली पेटी पुढे ओढून ती आठवू लागतात, तो निम्मी चाल विरून गेलेली! आता ती पुन्हा कोणाकडून घ्यावी?

जुन्या काळी या प्रश्नाला सोपे उत्तर नव्हते. चीज ही घराण्याची ठेव. गुरुगृही वर्षानुवर्षे राबावे, तेव्हा कुठे एखादी अस्ताई पदरात पडे. ज्याला गाव, शेत किंवा नोकरी सोडता येत नसे, त्याने काय करावे?

अशांसाठी ज्याने टपालाची वाट धरली, त्या माणसाची ही गोष्ट आहे. उत्तर प्रदेशात मथुरेजवळ हाथरस नावाचे गाव आहे. हिंग आणि नौटंकी यांसाठी ते प्रसिद्ध. तेथे १९०६ साली प्रभुलाल गर्ग यांचा जन्म झाला. तान्हेपणीच वडील गेले. पुढे पोटासाठी त्यांनी मुनीमगिरी केली; पण ओढा संगीताकडे. एका नाटकात काकाची भूमिका केली, तेव्हापासून लोक त्यांना काका म्हणू लागले. हास्यकवी ‘काका हाथरसी’ म्हणून नावाजलेले गृहस्थ ते हेच.

याच काकांनी १९३२ साली हाथरसला ‘संगीत कार्यालय’ काढले आणि १९३५ साली ‘संगीत’ हे हिंदी मासिक सुरू केले. मुंबई-कलकत्त्यासारखे शहर नाही, पाठीशी संस्थान नाही. अंकांत रागांची माहिती असे आणि चिजा स्वरलिपीसह छापलेल्या असत. लोकसंगीत, ताल, कथक अशा विषयांना वाहिलेले विशेषांकही निघाले.

पण सूर कागदावर उतरायचा कसा? येथे आपल्या महाराष्ट्राचा संबंध येतो. मुंबईचे पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) व्यवसायाने वकील. देशभर हिंडून त्यांनी गवयांकडून शेकडो चिजा मिळवल्या आणि सोप्या लिपीत लिहिल्या. त्यांचे मराठी ग्रंथ हाथरसहून हिंदीत निघाले आणि त्यांची लिपी उत्तरेत घरोघर पोचली.

ही लिपी वाचणे मुळीच कठीण नाही. रे, ग, ध, नि यांपैकी एखाद्या अक्षराखाली आडवी रेघ दिसली की तो स्वर कोमल समजावा. ‘म’च्या डोक्यावर उभी रेघ असली की तो तीव्र. खाली टिंब असेल तर स्वर मंद्र सप्तकातला, वर असेल तर तार सप्तकातला. दोन-तीन स्वरांखाली कमान काढलेली असली, तर ते एकाच मात्रेत म्हणावयाचे. समेला फुली, खालीला शून्य. बस्स, एवढ्यावर सुरुवात होते.

कोणी म्हणेल, पुस्तकावरून का कुठे गाणे येते? ही शंका रास्त आहे. मींड कशी घ्यावी, कोमल स्वर कितपत उतरवावा, हे टिंब-रेघ सांगू शकत नाही. तेथे गुरूच हवा. मात्र गुरूकडे जाणारा विद्यार्थी थोडी ओळख घेऊन गेला, तर गुरूचेही श्रम वाचतात. शिवाय, गाणारा गेला म्हणजे चीजही त्याच्याबरोबर जाते. ती लिहिलेली असली, तर निदान तिचा सांगाडा तरी मागे उरतो.

काका हाथरसी १९९५ साली वारले. त्यांच्या उद्योगातून शिक्षकबंधूंनी एक गोष्ट जरूर घ्यावी. आपल्या गावी एखादी आजी जात्यावरची ओवी अशा चालीवर म्हणत असेल, की जी दुसऱ्या कोणाला येत नाही. एखाद्या दुपारी वही घेऊन तिच्यापाशी बसा. तिला चारदा म्हणावयास लावा, पेटीवर स्वर शोधा आणि टिंब-रेघांनी टिपून ठेवा. चुकले तर खोडून पुन्हा लिहा. आजी आहे तोवर विचारता येते.