प्रतिकृती आणि स्मृतीचे गणित

कार्ल्याच्या चैत्यगृहातील दानलेखांत ‘धेनुकाकट’ हे स्थलनाम वारंवार येते. ते एकदाच साठवून इतरत्र केवळ निर्देश ठेवावा, हेच संगणकीय द्विरुक्ति-निरसनाचे तत्त्व होय. तो एकमेव खंड नासला तर सारे लेख पंगू होतात. म्हणून लोणावळ्यातील संग्रहाची प्रतिकृती पुण्यास हवी. तेथील सर्व्हरला प्रत्येक खंडाची नोंद स्मृतीत बाळगावी लागते. ‘झेडएफएस’ पद्धतीत नोंदीस सुमारे ३२० बाइट धरतात. १ टेराबाइटचे ६४ किलोबाइटचे खंड पाडल्यास नोंदींसाठीच ५ गिगाबाइट लागतात. स्मृती अपुरी पडली की नोंदी डिस्कवरून वाचाव्या लागतात व प्रतिकृती रेंगाळते. दोष मात्र बहुधा घाटातील पावसास व तारेस दिला जातो! प्रथम स्मृतीच तपासावी. छायाचित्रांची गोष्ट निराळी: एकाच स्तंभाची दोन छायाचित्रे संगणकास भिन्नच असतात, तेथे हा खटाटोप व्यर्थ होय.