दिवस गेले म्हणून मिरगीची गोळी सोडू नका

लेकीला दिवस गेले, की मिरगीची गोळी घरातलेच बंद करतात. गोळी एकदम सुटली तर झटके वाढतात, अन् आई-बाळ दोघांच्याही जिवावर बेततं.

मात्र गोळीचं नाव तपासा. सोडियम व्हॅल्प्रोएट चालू असलेल्या १० गरोदर बायांमागे सुमारे एका बाळाला जन्मजात व्यंग असतं. बुद्धीच्या वाढीलाही फटका बसतो. म्हणून डॉक्टर आता तरुण स्त्रियांना शक्यतो लेव्हेटिरासिटॅम किंवा लॅमोट्रिजिन देतात. हा बदल डॉक्टरांकडूनच, दिवस जाण्याआधी करून घ्यावा. फॉलिक ॲसिडही तेव्हापासूनच.

अकोल्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात किंवा अमरावतीच्या डफरीनमध्ये नाव नोंदवताना गोळ्यांचं पाकीट दाखवा. लग्न जमवताना मिरगी लपवली, की सुनेला गोळी चोरून खावी लागते, अन् मग तीच चुकते.