सिंग, सिंगा आणि सेंघ

जादूगार मँड्रेकचा वैरी कोब्रा, त्याचा चंदेरी मुखवटा या आठवड्यात उतरवायचा होता, पण तो आणखी सात दिवस राहू द्या. लाखनीहून एका वाचकाचं पोस्टकार्ड आलंय आणि त्यातला प्रश्न काही स्वस्थ बसू देईना. त्यांच्याकडे इंद्रजाल कॉमिक्सचे जुने मराठी अंक आहेत. त्यांत वेताळाचे, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचे, पिढीजात वैरी असलेले चाचे ‘सिंगा’. पुण्यात शिकणाऱ्या नातवाने वेताळाच्या मूळ इंग्रजी चित्रपट्ट्यांचं पुस्तक आणलं, तर त्यात तेच चाचे ‘सिंग’. आजोबा म्हणतात, नातवाच्या पुस्तकात छपाईची चूक. नातू म्हणतो, आजोबांच्या अंकात. पैज लागली आहे म्हणे.

दोघांनीही पैसे खिशातच ठेवावेत. छापखान्याचा यात काडीचा दोष नाही. नाव मुद्दाम बदललं होतं, आणि तेही आपल्याच मुंबईत.

ली फॉक यांनी वेताळाची पट्टी सुरू केली १७ फेब्रुवारी १९३६ रोजी. तिची पहिलीच गोष्ट या सिंग टोळीची. चित्रं रे मूर यांची, आणि म्होरक्याचं नाव कबाई सिंग. सुपरमॅन यायला अजून दोन वर्षं होती, जोकर आणि लेक्स लुथर यायला चार. वयाने हे चाचे त्या दोघांचे थोरले भाऊ. पण त्यांची खरी गंमत वेगळीच आहे. जोकर एकटा, लुथर एकटा. सिंग हे घराणं आहे. १५३६ साली त्यांनी एक जहाज लुटलं, कप्तानाला मारलं, आणि त्याचा तरुण मुलगा तेवढा वाहत किनाऱ्याला लागला. पुढे त्याच किनाऱ्यावर एका चाच्याचं प्रेत आलं. मुलाने ते ओळखलं कपड्यांवरून, कारण अंगावर त्याच्या बापाचे कपडे होते. त्या चाच्याच्या कवटीवर हात ठेवून मुलाने शपथ घेतली, तो पहिला वेताळ. तेव्हापासून इकडे बापामागून मुलगा मुखवटा चढवतो आणि तिकडे एका सिंगनंतर दुसरा सिंग गादीवर येतो. चारशे वर्षं पुरलेलं असं भाऊबंदकीच्या तोडीचं वैर दुसऱ्या कुठल्या कॉमिकमध्ये मला तरी सापडलेलं नाही.

आता प्रश्न असा, की सिंग मंडळी बंगालच्या उपसागरात जहाजं लुटत काय करत होती? राजपुताना सोडा, पंजाब सोडा, थेट दर्यावर? याचं उत्तर फॉक यांच्या प्रवासात आहे, म्हणजे न केलेल्या प्रवासात. अमेरिकेतल्या सेंट लुईसचा हा तरुण. पट्टी विकताना त्याने आपण जगभर फिरलोय अशी थाप ठोकून दिली होती. पुढे तो खरोखर खूप हिंडला, पण तेव्हा त्याच्याजवळचा हिंदुस्थान वाचनातून आलेला होता. वेताळाच्या बुटक्या ‘बांदार’ टोळीचं नाव किपलिंगच्या माकडांवरून आलं. किपलिंगचं ते जंगल म्हणजे सिवनी, आमच्या भंडाऱ्याच्या उत्तरेला, फार लांब नाही. आणि किपलिंगने ‘जंगल बुक’ लिहिलं कुठे, तर अमेरिकेत व्हरमाँटला! आमच्या शेजारचं रान असं दोन लेखण्यांतून गाळून वेताळाच्या राज्यात पोचलं, आणि इंद्रजालच्या वाटेने पुन्हा आमच्या सानगडी गावात माझ्या हातात आलं. भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीत वाढलेल्या पोराला वेताळाचं जंगल परकं का वाटलं नाही, याचं एक कारण मी यात शोधतो. पटलं तर घ्या.

टाइम्स ऑफ इंडियाच्या घरातून इंद्रजाल निघालं मार्च १९६४ मध्ये. पहिल्याच अंकाची गोष्ट वेताळाच्या पट्ट्याची, म्हणजे १९५४ साली विल्सन मॅकॉय यांनी चितारलेली. त्यात विसाव्या वेताळाच्या पाठीत सुरा खुपसून त्याचा कवटीच्या बकलाचा पट्टा पळवणारा जो मारेकरी आहे, त्याचं मूळ नाव राम. जरा त्या संपादकाच्या खुर्चीत बसून बघा. मुलांसाठी नवं नियतकालिक, पहिलाच अंक, आणि पाठीत वार करणाऱ्याचं नाव राम! झाडीपट्टीत नाटक बसवणाऱ्यालाही ही अक्कल शिकवावी लागत नाही. खलनायकाचं आडनाव गावातल्या बड्या घराचं निघालं तर ते तालमीतच बदलतं, मंडईच्या जत्रेतल्या प्रयोगाच्या रात्रीपर्यंत थांबत नाही. तसं इथे रामचा ‘रामलू’ झाला. वेताळाच्या ज्या देशाचं नाव बंगालची आठवण करून देई, त्याचं ‘डेंकाली’ झालं. आणि सिंगला एक काना लावून ‘सिंगा’ केलं.

या तिघांत डेंकाली मला सगळ्यांत आवडतं, कारण ते कुठलंच नाही आणि तरी खरं वाटतं. रामलूही चालून जातो. सिंगा मात्र आळशी काम. पण कान्याने काम फत्ते केलं हे खरं. चाचे आपल्याकडचे आहेत, अशी शंकासुद्धा आम्हा पोरांना कधी आली नाही. आम्ही बिनघोर वेताळाच्या बाजूने.

नाहीतर मराठी वाचकाला जरा अडखळायला हवं होतं. कान्होजी आंग्रे आपल्याकडे सरखेल, मराठी आरमाराचे प्रमुख. त्यांचं दस्तक न घेता जाणारी जहाजं ते पकडत. मुंबईच्या इंग्रजांनी १७१८ मध्ये खांदेरीवर चाल केली आणि हात हलवत परत गेले. त्याच इंग्रजांच्या कागदांत आंग्रे म्हणजे चाचा. फॉक यांना आंग्रे ठाऊक होते असं मी म्हणत नाही. पण पूर्वेकडच्या समुद्रावर एतद्देशीय माणूस जहाज घेऊन निघाला की तो लुटारूच असणार, ही समजूत इंग्रजी साहसकथांनी फार आधीपासून मुरवत आणली होती. कबाई सिंग त्याच मुशीतला. त्याची बाजू सांगणारा कोणी बखरकार असता तर त्या १५३६ च्या जहाजात काय माल होता, हे तरी कळलं असतं.

नाव एवढ्यावरही थांबलं नाही. १९९६ साली हॉलिवूडने वेताळावर चित्रपट काढला, बिली झेन वेताळ झाला. त्यात ही टोळी आहे, कबाईही आहे, पण आडनाव ‘सेंघ’. मुंबईला जे १९६४ मध्ये सुचलं, ते हॉलिवूडला सुचायला बत्तीस वर्षं जावी लागली! स्वीडनमध्ये मात्र सिंग सिंगच राहिले. तिथे १९५० पासून वेताळाचं ‘फँटोमेन’ नावाचं नियतकालिक निघतं आणि त्याचे लेखक स्वतःच्या नव्या गोष्टीही रचतात. त्यांनी टोळीची सूत्रं सँडल सिंग नावाच्या बाईच्या हाती दिली. ती कबाईपेक्षा कितीतरी हुशार, आणि वाचायलाही जास्त मजा आणते.

लाखनीच्या आजोबांना एक विनंती. तुमच्याकडे पट्ट्याच्या गोष्टीचा मराठी अंक असेल, तर त्यात रामलूच छापलंय का, ते बघून कळवा. कोब्रा पुढच्या आठवड्यात. त्याचं १९६५ मधलं पुनरागमन आधी घेऊ, मूळ गोष्ट नंतर.