आधी समेवर या, मग बांधावर!



कांद्याला पाणी केव्हा द्यावे हे सांगत मी नाशिक जिल्ह्यातल्या गावोगाव फिरतो. पण खरे सांगू? पुष्कळदा पीक वाळते ते पाण्यावाचून नव्हे, भांडणापायी. सामाईक विहीर, बांधाची कोर, वहिवाटीचा रस्ता ही आपली घरोघरची दुखणी. त्यांवर दोन साधे उतारे आहेत, सिनेमा आणि भजन. हसू नका, आधी ऐका.

सिनेमा तर आपल्या जिल्ह्याच्या मातीतला. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला. ते चित्रपट मुके; पडद्याशेजारी पेटी-तबला वाजे. पडद्यावरचे चित्र आणि समोरचे गाणेबजावणे यांची जोडी अशी पहिल्यापासूनची.

पण भांडणाची गोष्ट पाहायची तर ‘शेजारी’ पाहावा. प्रभात कंपनीसाठी व्ही. शांताराम यांनी तो १९४१ साली काढला. कथा विश्राम बेडेकरांची, संगीत मास्टर कृष्णरावांचे. जिवबा आणि मिर्झा हे दोन म्हातारे शेजारी, जिवाचे मित्र, बुद्धिबळाचे जोडीदार. गावात धरण बांधायला आलेला धनिक दोघांत फूट पाडतो. शेवटी धरण फुटते आणि त्या लोंढ्यात दोघे हातात हात घालून जातात. हिंदी ‘पडोसी’त तर हिंदूची भूमिका मजहर खान यांनी केली आणि मुसलमानाची गजानन जागीरदारांनी.

काही वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहात तरुणांनी हा चित्रपट शाळेच्या भिंतीवर दाखविला. त्या गावी दोघा चुलतभावांचे विहिरीवरून दोन वर्षे बोलणे बंद होते. पाळी ठरलेली होती, एक आठवडा थोरल्याची, एक धाकट्याची. तरी धाकटा म्हणे, “दादा मला फसवतो.” थोरला म्हणे, “पाळी सारखी, मग फसवणूक कसली?” प्रकरण वकिलापर्यंत गेले होते.

चित्रपट संपला. कुणी उठेना. तेवढ्यात थोरल्याची म्हातारी आई म्हणाली, “त्या दोघांनी मरताना तरी हात धरला. तुम्ही कधी धरणार?”

त्या रात्री काही मिटले नाही, हेही सांगतो. दुसऱ्या दिवशी भजनाला पखवाजी आला नाही. धाकट्याचा हात चांगला, म्हणून मंडळींनी त्याला बसविले. अभंग म्हणणारा थोरला. आता पाहा, म्हणणाऱ्याने लय वाढविली की पखवाजाने ती ऐकलीच पाहिजे, आणि समेवर दोघांनी एकत्र आलेच पाहिजे. तिथे रुसून चालत नाही. दोन तास ते दोघे एकमेकांकडे पाहत होते.

तिसऱ्या दिवशी पंच बसले. मलाही बोलावणे होते. या वेळी दोघे ऐकायच्या मनःस्थितीत होते. धाकट्याची बायको म्हणाली, “आमच्या पाळीला नेहमी रात्रच येते. उसात बिबट्या, हे एकटे बॅटरी घेऊन जातात. परत येईपर्यंत माझा डोळा लागत नाही.” थोरला चमकला. त्याला हे ठाऊकच नव्हते.

मी कॅलेंडर मागितले. त्या वेळी तिथे शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री येई. विहिरीची पाळीही आठवड्याचीच, तीही सोमवारीच बदलणारी! त्यामुळे दिवस कायम थोरल्याचे, रात्री कायम धाकट्याच्या. सिनेमात फूट पाडणारा तिसरा माणूस होता; इथला तिसरा निघाला विजेचे वेळापत्रक. पाळी गुरुवारी बदलायची ठरली, आणि दिवस-रात्र दोघांच्या वाट्याला जवळपास सारखी आली. वहीत लिहून दोघांच्या सह्या घेतल्या.

वाचकहो, सिनेमाने विहिरीचे पाणी वाढले नाही, की भजनाने हिशेब सुटला नाही. हिशेब बसूनच करावा लागला. बांधाचा वाद असेल तर सरकारी मोजणीच हवी, आणि मारहाणीचा गंभीर गुन्हा गाण्याने झाकू नये. पण भांडणात माणसाला आपलेच घर दिसते. पडद्यावर दोन्ही घरे दिसतात. आणि भजनात दुसऱ्याचा ठेका ऐकल्यावाचून पुढे जाता येत नाही. एवढे झाले की शेजारी काय म्हणतो ते कानावर पडते.

शासनाने २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तीही तंटे गावात, सामोपचाराने मिटावेत म्हणूनच. आपल्या गावी सप्ताह असेल तेव्हा एक रात्र ‘शेजारी’ दाखवा. कुणाचे नाव घेऊ नका, कुणाला टोमणा मारू नका. भजनाला दोन्हीकडच्या मंडळींना टाळ द्या. मग बैठक बोलवा, आणि घरच्या बायकांनाही बोलू द्या. रात्री वाट पाहणाऱ्या त्याच असतात.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे म्हणतात. त्याने आधी देवळाची पायरी चढावी आणि शेजाऱ्याच्या हाती टाळ द्यावा.