पोलीसप्रमुख, राज्यसत्ता आणि बदलीचा अधिकार

१९९० ते १९९५ या काळात ब्रिटिश दूरचित्रवाणीवरून ‘द चीफ’ ही नाट्यमालिका दाखविली गेली. ईस्टलँड नामक कल्पित प्रदेशाचा पोलीसप्रमुख हा तिचा नायक. गुन्ह्याच्या तपासापेक्षा त्याचा राजकीय सत्तेशी होणारा संघर्ष हाच तिचा मुख्य विषय होय. या संघर्षास तेथील विधिपरंपरेचा आधार आहे. १९६८ साली ब्लॅकबर्न खटल्यात लॉर्ड डेनिंग यांनी असे प्रतिपादन केले की, कायद्याच्या अंमलबजावणीत पोलीसप्रमुख केवळ कायद्यास उत्तरदायी असतो. मंत्र्याचा सेवक नसतो.

भारतात या संबंधाची घडण निराळी आहे. १८६१ च्या पोलीस अधिनियमाने पोलीसदलाचे अधीक्षण सरकारकडे सोपविले. सिहोरा ज्या भंडारा जिल्ह्यात आहे तो मध्य प्रांतात असताना तेथे हाच कायदा लागू होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने जिल्हा मुंबई राज्यात आला व पुढे तेथे १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम लागू झाला. अधीक्षण मात्र शासनाकडेच राहिले. अमुक आरोपीस अटक करू नये, असे सांगण्याचा अधिकार अधीक्षणातून निघत नाही. परंतु बदलीचा अधिकार हाती असल्यावर तसे लेखी सांगण्याची आवश्यकताही उरत नाही.

हे मर्म ओळखून सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात पोलीस महासंचालकास किमान दोन वर्षांचा कार्यकाल, राज्य सुरक्षा आयोग व पोलीस आस्थापना मंडळ यांविषयी निर्देश दिले. महाराष्ट्राने २०१४ साली अधिनियमात त्यानुसार दुरुस्ती केली. मात्र सुरक्षा आयोगाचे अध्यक्षपद गृहमंत्र्याकडेच ठेवण्यात आले. तसेच गंभीर तक्रार किंवा कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न असल्यास सर्वोच्च सक्षम प्राधिकाऱ्यास मंडळाच्या शिफारशीवाचून बदली करण्याची मुभा राहिली. म्हणजे दार लावले गेले, पण कडी आतून नव्हे, बाहेरून!

या तरतुदींचा परिणाम केवळ वरिष्ठांपुरता मर्यादित नसतो. सिहोरा येथील पोलीस ठाण्यात एखाद्या शेतकऱ्याने बावनथडीतील रेतीच्या अवैध उपशाविरुद्ध तक्रार दिली, अशी कल्पना करावी. ठाणेदारास ठाण्यात किमान दोन वर्षे मिळावीत, असे २०१४ ची दुरुस्ती सांगते. या मुदतीवर त्याचा विश्वास असेल, तर तो तक्रार नोंदवून घेईल. नसेल, तर भंडाऱ्याच्या पोलीस अधीक्षकाकडे पाहील. आणि अधीक्षकासही स्वतःच्या बदलीचे भय असल्यास शेतकऱ्याचा कागद तसाच पडून राहील.

मालिकेतील पोलीसप्रमुख व्यक्तिगत धैर्याच्या बळावर उभा राहतो. शासनव्यवस्थेने मात्र अपवादात्मक धैर्यावर विसंबून चालत नाही. सामान्य वकुबाच्या अधिकाऱ्यासही निर्भयपणे कर्तव्य करता यावे, हेच निश्चित कार्यकालाचे प्रयोजन होय.